काकाजींच्या हातातला दोर

खेचर मी कापलं. हे दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही, कारण कापताना भूपेंद्र समोर उभा होता आणि नंतर तो आर्वीभर सांगत सुटला. खरं खेचर नव्हे, फोटोतलं. बसस्टँडसमोरच्या भूपेंद्रच्या स्टुडिओत, त्याच्याच काउंटरवर, त्याच्याच कातरीने, भर दुपारी मी आमच्या काकाजींचा वर्दीतला एकुलता एक फोटो मधोमध कापला. डाव्या तुकड्यात काकाजी राहिले. उजव्या तुकड्यात खेचर गेलं, आणि तो तुकडा भूपेंद्रच्या कचऱ्याच्या टोपलीत गेला.

काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, रूपराव. सतरा वर्षं लष्करात काढून हवालदार होऊन परत आले, पुढची तीस वर्षं आष्टीजवळच्या आमच्या गावात कापूस पिकवला आणि २००३ च्या जानेवारीत वारले. वर्षश्राद्धाच्या दिवशी त्यांचा फोटो भिंतीवर लावायचा, असं सुमित्राकाकूंनी ठरवलं होतं. मी आर्वीला नोकरीला. घरातलं एक माणूस तालुक्याच्या गावी नोकरीला असलं की चष्म्याच्या काडीपासून मोटरपंपाच्या कॉइलपर्यंत जे काही तुटेल ते त्याच्या पिशवीत पडतं. फोटोही पडला. "आहे तसा मोठा करून आनजो," एवढंच काकूंनी सांगितलं होतं.

आहे तसा. या दोन शब्दांकडे मी लक्ष दिलं असतं तर पुढचे आठ दिवस माझे हाल झाले नसते.

पण माझंही म्हणणं ऐका. आष्टी तालुक्यात सैनिक या शब्दाला वजन आहे. बेचाळीस साली इथं लोकांनी छातीवर गोळ्या घेतल्या, ती नावं शाळेतल्या पोरांना पाढ्यांसारखी पाठ असतात. अशा तालुक्यात सैनिकाचा फोटो लावायचा आणि त्याच्या शेजारी, त्याच्यापेक्षा जास्त जागा अडवून, लांब कानांचं एक खेचर उभं, तेही कॅमेऱ्याकडे असं बघतंय की जणू फोटो त्याचाच आहे आणि काकाजी सोबतीला आलेत. भूपेंद्र म्हणाला, "भाऊ, खच्चर ठेवाचं काय? अंडाकृती फ्रेममध्ये बसनार नाई." मी म्हटलं, कातर दे.

एक भानगड उरली. काकाजींच्या मुठीतून एक दोर निघून उजवीकडे गेला होता. भूपेंद्र म्हणाला, दोर पुसला तर नुसती मूठ उरेल, मग काकाजी कुणाच्या तरी अंगावर धावून जातायत असं वाटेल. म्हणून दोर राहू दिला. मोठ्या केलेल्या प्रतीत वर्दीला हिरवा रंग दिला, ओठांना गुलाबी दिला, मागे कॉम्प्युटरमधून बर्फाचे डोंगर आणून बसवले. काकाजी हातात दोर धरून त्या डोंगरांपुढे उभे राहिले. दोराच्या दुसऱ्या टोकाला काहीही नव्हतं.

काकूंनी फोटो हातात घेतला आणि पुष्कळ वेळ पाहिला.

"हे कोन होय?"

"काकाजी."

"ते दिसून राह्यलं मले. खच्चर कुठी आहे?"

"काकू, नुसते काकाजीच चांगले दिसतात."

"तुले कोनं विचारलं चांगले दिसतात का वाईट दिसतात? एवढी वर्षं म्यां त्याइले पाह्यलं नाई काय?" मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काऊन कापलं, सदाशिवा?"

"लोक हसतील म्हणून."

त्यांचा मुलगा प्रफुल, आष्टीत बी-बियाण्यांचं दुकान चालवतो, तो माझ्या मदतीला आला. "आई, बाबा मस्त दिसून राह्यले. सिनेमातल्यावानी."

"म्हनूनच नोको," काकू म्हणाल्या.

मग त्यांनी भिंतीकडे बोट केलं. भिंतीत दोन खिळे होते, दीड हात अंतरावर. ते काकाजींनी स्वतः ठोकले होते, शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी, काकू नको नको म्हणत असताना. एका खिळ्यावर वजन एकीकडे जातं, फोटो कलतो, म्हणून दोन. आणि दवाखान्यातून काही घरी परत येत नाही हे त्यांना कळलं, तेव्हा काकूंना म्हणाले होते, "फोटो लावला तं पऱ्हाटीसंगं लावजो. नाई तं भिंत खाली राहू दे."

पऱ्हाटी म्हणजे ते खेचर. आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात. सरकारी कागदावर त्या खेचराला नुसता नंबर होता, तोच खुरावर डागलेला. पण त्याचे पाय पाहून काकाजींना गावाकडच्या वावरातल्या काड्या आठवल्या आणि त्यांनी ते नाव ठेवलं. नाव ठेवल्यापासून ते खेचर न राहता 'ती' झाली.

"म्यां हो म्हटलं होतं त्याइले," काकू म्हणाल्या. "जाताजाता मानसाले हो म्हटलं. आता तू सांग, मी काय करू?"

वर्षश्राद्धाला आठ दिवस होते. मी त्याच संध्याकाळच्या गाडीने आर्वीला गेलो. भूपेंद्रची टोपली सोमवारीच रिकामी झाली होती.

आता काकाजी आणि खेचर हे प्रकरण काय होतं, ते सांगायला हवं. नाहीतर काकू विनाकारण हट्टाला पेटल्या असं वाटेल. लष्करात खेचरांची एक वेगळी तुकडी असते. जिथं मोटर जात नाही तिथं दारूगोळा, आटा, रॉकेल खेचराच्या पाठीवर लादून वर न्यायचं. एका माणसाकडे एक खेचर. त्याला खाऊ घालायचं, त्याच्यावर ओझं लादायचं आणि त्याच्यासोबत चालायचं. त्या माणसाच्या हुद्द्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. काकाजी ड्रायव्हर होते.

लष्करातून माणसं शिस्त घेऊन येतात, असं म्हणतात. काकाजी वजन घेऊन आले. खेचराच्या दोन्ही बाजूंना ओझं सारखं पाहिजे, नाहीतर खोगीर फिरतं आणि जनावर दरीत जातं, हे त्यांच्या हाडात इतकं मुरलं होतं की सपाट वर्धा जिल्ह्यात, जिथं दरी शोधायलाही एसटीने जावं लागतं, ते उभा जन्म दोन्ही बाजू सारख्या करत राहिले. आष्टीच्या बाजारात काकूंनी दोन किलो वांगी सांगितली तर ते सायकलच्या एका बाजूला दोन किलो वांगी टांगत आणि दुसऱ्या बाजूला दोन किलो मीठ. मीठ का? तर ते नासत नाही. आमच्या घरात मिठाची पोती साचली होती. काकू चिडून म्हणायच्या, "समुद्र आनून ठेवला घरात." ते म्हणत, "मंग वांगी अर्धा किलो सांगत जा."

चौऱ्याण्णव साली त्यांच्या मुलीचं, सपनाचं लग्न ठरलं. साखरपुड्याला जायला मॅटॅडोर केली होती. काकाजी दारात उभं राहून एकेका माणसाला डोळ्यांनी तोलून बसवत होते. नवऱ्यामुलाचे मामा वासुदेवराव आम्हाला न्यायला आलेले, अंगाने भरलेले, मानाचे पाहुणे. काकाजी त्यांना म्हणाले, "वासुदेवराव, तुम्ही डाव्या बाजूले बसा. अन् उजवीकडं दोन मानसं द्या रे, मंग सारखं होईन." मॅटॅडोरमध्ये जी शांतता पसरली ती अंतोऱ्याच्या पुढे जाईपर्यंत टिकली. वासुदेवराव लग्नात जेवले नाहीत आणि दोन वर्षं आमच्या उंबऱ्यावर आले नाहीत. काकाजींना शेवटपर्यंत कळलं नाही की त्यात चुकलं काय. "गाडी कलली का सांग," ते मला विचारत. "कलली का?"

आणि दुसरा नियम, आधी जनावर मग माणूस. खेचराने चारा खाल्ल्याशिवाय ड्रायव्हरने जेवायचं नाही, हा तुकडीतला दंडक. तो त्यांनी स्वतःच्या लग्नातही पाळला. चौसष्ट साली नवरदेव म्हणून पंगतीत बसलेले काकाजी पहिला घास तसाच ताटात ठेवून उठले आणि वरातीच्या बैलांना पाणी दाखवलं का, ते बघायला गेले. नवरीच्या बापाला वाटलं, जावई रुसला. आहेर वाढवला. काकाजी परत आले, जेवायला बसले, आणि वाढवलेल्या आहेराची दोन गाठोडी सारखी आहेत का, हे हातात घेऊन पाहू लागले.

पण काकूंचा खरा राग त्याहून जुना होता, आणि तो राग मला या आठ दिवसांत पहिल्यांदा पूर्ण ऐकायला मिळाला. आर्वीहून रिकाम्या हाताने परत गेलो तेव्हा त्या बोंडांतून कापूस सोडवत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "एकदा कापलेला फोटो पाहून फसली मी. आता दुसऱ्यांदा तू फसवून राह्यला काय?"

झालं होतं असं. बासष्टच्या लढाईनंतर, त्रेसष्ट साली काकाजींनी पऱ्हाटीसोबत फोटो काढला. दोन प्रती केल्या, एक स्वतःच्या पेटीत ठेवली आणि दुसरी घरी पाठवली. तेव्हा घरात त्यांच्यासाठी मुली पाहणं चाललं होतं. त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या शकुंतलाबाई, तिनं विचार केला की पोरगा असा खेचरासोबत उभा दिसला तर कोण पोरगी देईल. तिनं कातर घेतली. खेचर बाजूला केलं आणि नुसते काकाजी काकूंच्या माहेरी धाडले. सोबत निरोप, मुलगा मिल्ट्रीत ड्रायव्हर आहे.

काकूंच्या वडिलांनी फोटो पाहून एकच शंका काढली, हातात दोर कशाचा? आत्या जागच्या जागी म्हणाली, "मोटर बंद पडली का ओढाचा."

"आमच्या बाबानं मोटर पाहून पोरगी देल्ली," काकू म्हणाल्या, "अन् निंघालं खच्चर." मग एक बोंड सोडवून झाल्यावर म्हणाल्या, "त्याइनं मले कधी फसवलं नाई. पह्यल्याच दिवशी पेटी उघडून अख्खा फोटो दाखवला. म्हने, 'ड्रायव्हर मी हिचा आहो.' कापला तुमच्या घरच्याइनं. तवाबी, आताबी."

चाळीस वर्षांच्या अंतराने एकाच माणसाच्या एकाच फोटोतलं एकच खेचर, एकाच कारणासाठी, एकाच घरातल्या दोन शहाण्यांनी कापलं. काही घराण्यांत मधुमेह चालत येतो, आमच्यात ही कातर चालत आली.

"आत्याले विचार," काकू म्हणाल्या. "तिनं कापलेलं खच्चर कुठी आहे ते."

आत्या समुद्रपूरला. आर्वीहून वर्ध्याला एक गाडी, वर्ध्याहून हिंगणघाटला दुसरी, तिथून समुद्रपूरला तिसरी. तिसऱ्या गाडीत माझ्या मांडीवर कुणाचं तरी सरकीचं पोतं होतं, आणि मला पहिल्यांदा पऱ्हाटीबद्दल थोडी सहानुभूती वाटली.

आत्या शहात्तर वर्षांची, कानाने पक्की, जिभेने त्याहून. मी विषय काढला.

"म्यां काही कापलं नाई."

"काकू म्हणतात..."

"सुमित्रा काईही म्हनते. जेवून घे आधी."

जेवलो. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. पुन्हा विषय काढला.

"म्यां कापलं नाई," आत्या म्हणाली. "वेगळं केलं."

"मग वेगळं केलेलं कुठं आहे?"

तिनं जवळ बसवून घेतलं आणि बासष्टची गोष्ट सांगितली. मी ती लहानपणापासून तुकड्या-तुकड्यांत ऐकली होती. वरच्या पहाडातून पलटण मागे हटली तेव्हा काकाजींचा पत्ता लागेना, अशी तार घरी आली. आजोबा वावरात जायचे बंद झाले, बैल दावणीला उभे. पुढं दीड महिन्याने काकाजींचं पत्र आलं. अकरा दिवस बर्फातून चालत ते खाली पोचले होते, पऱ्हाटीसकट. पायाची दोन बोटं बर्फाने गेली होती, ती डॉक्टरांनी काढून टाकली. साहेबांनी पाठ थोपटली की सरकारी जनावर टाकून आला नाही, सोबत घेऊन आला. आमच्या घराण्याची शौर्यकथा म्हणतात ती हीच. दोन बोटं गेलेला माणूस अकरा दिवस बर्फातून खेचराला कसा ओढत आणेल, हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

गोष्ट संपल्यावर आत्यानं पलंगाखालून बिस्किटाचा जुना डबा ओढला. त्यात तिचं मंगळसूत्र मोडल्याची पावती, नातवंडांची जावळं आणि तळाशी कागदात गुंडाळलेली पऱ्हाटी. चाळीस वर्षांत थोडी पिवळी पडलेली, कान तेवढेच लांब. पाठीमागे काकाजींच्या हातचं अक्षर होतं. पुढचा मजकूर काकाजींच्या अर्ध्यामागे गेला असणार. इकडे उरलं होतं ते एवढंच: 'दोघंही खुशाल आहो.'

"फेकली कशी नाही?" मी विचारलं.

"जनावर होय ते. अकरा दिवस माह्या भावासंगं चाललं. फेकाचं काय?" माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू फेकलं काय?"

मी पाणी प्यायलो.

मी हात पुढे केला, तर तिनं डबा मिटला. "तुह्या हाती देत नाई. तू कापतो. मी घेऊन येतो."

आणि आली. तीन गाड्या बदलून, बिस्किटाचा डबा मांडीवर धरून, शहात्तराव्या वर्षी. वाटेत आर्वीला उतरून भूपेंद्रच्या काउंटरवर स्वतः बसली आणि माझ्याकडचे काकाजी आणि तिच्याकडची पऱ्हाटी चिकटवून होईपर्यंत त्याला कातरीला हात लावू दिला नाही. माप बरोबर बसलं. एकाच काचेच्या निगेटिव्हवरून काढलेल्या दोन प्रती त्या. फक्त जोडावर दोर जुळेना. आत्याची कातर थोडी तिरपी गेलेली, माझी सरळ. भूपेंद्र म्हणाला, कॉम्प्युटरवर दुरुस्त करतो, दोन मिनिटांचं काम आहे. आत्या म्हणाली, "तू तं हात लावूच नोको. जसं आहे तसंच मोठं कर."

वर्षश्राद्धाच्या सकाळी आम्ही गावी पोचलो. काकू ओसरीवर वड्यांची डाळ वाटत होत्या. आत्यानं फ्रेम त्यांच्यापुढे ठेवली. दोघी लग्नकार्यात एकमेकींना हळदीकुंकू लावत आल्या होत्या, पण या विषयावर चाळीस वर्षांत एक अक्षर बोलल्या नव्हत्या.

काकूंनी डाळीचे हात पदराला पुसले आणि फोटो पाहिला. आधी खेचर पाहिलं, मग काकाजी.

"मोटर भेटली वाटते," काकू म्हणाल्या.

"भेटली," आत्या म्हणाली. "मीच लपवून ठेवली होती."

"दोर जुळला नाई."

"एका बाजूनं मी कापला, एका बाजूनं यानं. कसा जुळनार?"

मला वाटलं, आता पुन्हा भूपेंद्रकडे. पण काकूंनी त्या जोडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "राहू दे. गाठ मारल्यावानी दिसते."

दोन खिळ्यांवर फोटो बरोबर बसला. प्रफुलनं मागं सरून पाहिलं, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. कुठेही कलला नव्हता. काकूंनी हार घातला. हार लांबीला फक्त काकाजींपुरता होता, म्हणून त्यांनी तो सोडला, दोऱ्याचा तुकडा जोडून वाढवला आणि दोघांवरून घातला. मग बैलांना चारा टाकायला सांगितला. पंगत त्यानंतर बसली, आणि माझी भूक तोवर मेली.

पंगतीत वासुदेवराव माझ्या शेजारी होते. प्रफुल वाढता वाढता त्यांना फोटो दाखवून सांगत होता की बाबांनी कसं अकरा दिवस बर्फातून या खच्चराला ओढून खाली आणलं. वासुदेवरावांनी मान डोलावली. मीही डोलावणार होतो, तेवढ्यात मला एक जुनी गोष्ट आठवली.

सत्त्याण्णव साली आष्टीच्या बाजारातून मी आणि काकाजी घरी येत होतो. सायकल पंक्चर, म्हणून पायी. माझ्या एका हातात वांग्यांची पिशवी, एका हातात मिठाची, आणि दर शंभर पावलांवर ते थांबून माझ्या पिशव्या अदलाबदल करत, कारण म्हणे माझा उजवा खांदा खाली जात होता. वैतागून, त्यांचं लक्ष माझ्या खांद्यावरून दुसरीकडं जावं म्हणून मी त्यांची स्तुती केली. म्हटलं, काकाजी, खरंच कमाल आहे तुमची. अकरा दिवस त्या बर्फातून, असे पाय घेऊन, तुम्ही त्या पऱ्हाटीला खाली आणलं. त्यावर ते जे बोलले, ते मी तेव्हा ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मला वाटलं होतं, म्हातारा नेहमीसारखा काहीतरी बोलून विषय टाळतोय. काकाजी रस्त्यात थांबले, माझ्या हातातली मिठाची पिशवी दोन बोटं वर केली आणि म्हणाले,

"म्यां नाई आनलं तिले, तिनं आनलं मले, तू पिशवी सरळ धर."